पस्तीस अक्षरांची चाळण

तांदूळ निवडून व चाळून ठेवण्याची पद्धति ज्या घरांतून अजून टिकून आहे, तेथील गृहिणीला एक तत्त्व कोणी न शिकवितां ठाऊक असतें. चाळणीचीं भोंकें केवढीं असावींत, हें तांदळाकडे पाहून जितकें ठरतें, तितकेंच पुढें त्या तांदळाचें काय करावयाचें आहे यावरूनहि ठरतें. मोकळ्या भातासाठीं अखंड दाणा हवा असतो, म्हणून कणी खालीं पाडून वेगळी काढतात. परंतु कोंकणांत पेज शिजवावयाची असली म्हणजे तीच कणी उपयोगीं पडते. एका कामीं जो टाकाऊ, तोच दुसऱ्या कामीं मुख्य जिन्नस होतो.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून अलीकडे अशीच एक चाळण जवळजवळ रोज चालते. ही चाळण धान्याची नव्हे, अक्षरांची. आणि ती चालते संगणकावर. ती चालविण्यास आज्ञेची एक ओळ पुरते, व त्या ओळींत बहुधा एकच आंकडा असतो. तो आंकडा कोठून येतो, आणि तो चुकीचा बसला तर काय हातचें जातें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्राणिमात्रांच्या पेशींत डी. एन. ए. नांवाचा जो दीर्घ रेणु असतो, तो चार प्रकारच्या घटकांची एक लांबच लांब माळ आहे. या घटकांना शास्त्रज्ञांनीं ए, सी, जी व टी अशीं चार अक्षरें नेमून दिलेलीं आहेत. मनुष्याच्या एका पूर्ण संचांत अशीं सुमारें ३०० कोटि अक्षरें असतात. ही पोथी एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सलग वाचील असें यंत्र अद्यापि निघालेलें नाहीं. म्हणून पोथीचे असंख्य तुकडे करावे लागतात, यंत्र एकेक तुकडा वाचतें, आणि मग संगणक त्या तुकड्यांच्या जागा शोधून पोथी जुळवितो. एका तुकड्याच्या अशा वाचनास इंग्रजींत ‘रीड’ म्हणतात. येथें त्यास नुसतें ‘वाचन’ म्हणणें पुरेसें आहे. इल्युमिना पद्धतीच्या यंत्रांत एक वाचन बहुधा ५० पासून ३०० अक्षरांपर्यंतचें असतें. नॅनोपोअर पद्धतीच्या यंत्रांत तें हजारों, प्रसंगीं लाखों अक्षरांचेंहि असूं शकतें.

यंत्रांतून निघालेलीं हीं वाचनें ‘फास्टक्यू’ नांवाच्या साध्या फाइलींत लिहिलेलीं असतात. प्रत्येक वाचनाला चार ओळी मिळतात. पहिलींत वाचनाचें नांव, दुसरींत अक्षरें, तिसरींत अधिकाचें चिन्ह, आणि चौथींत प्रत्येक अक्षर कितपत भरंवशाचें आहे हें दाखविणारीं चिन्हें. एका फाइलींत अशीं कोट्यवधि वाचनें असूं शकतात. तीं डोळ्यांनीं पाहून निवडणें एका जन्मांत व्हावयाचें नाहीं. म्हणून तें काम एखाद्या लहानशा साधनावर सोंपवितात. या साधनांना चित्रें नसतात, कळा दाबण्याचे चौकोन नसतात. रिकाम्या पडद्यावर आज्ञेची ओळ टंकली कीं तीं कामास लागतात. मार्सेल मार्टिन यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘कटअॅडॅप्ट’ हें अशा साधनांपैकीं एक होय. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘सेक्किट’ हें दुसरें.

कटअॅडॅप्टला आज्ञा द्यावयाची ती अशी: प्रथम साधनाचें नांव, मग एक आडवी रेघ व तिला लागून लहान एम हें अक्षर, मग ३५ हा आंकडा, मग निवडलेलीं वाचनें ज्या फाइलींत ठेवावयाचीं तिचें नांव, आणि शेवटीं मूळ फाइलीचें नांव. लहान एम म्हणजे किमान लांबी. कमाल लांबी सांगावयाची असल्यास मोठें एम लिहितात. आज्ञा मिळतांच साधन मूळ फाइलींतून एक वाचन उचलतें, त्यांतील अक्षरें मोजतें, आणि तीं पस्तिसांहून कमी भरलीं तर तें वाचन, नांव व भरंवशाच्या चिन्हांसकट, गाळून टाकतें. बरोबर ३५ अक्षरें असलेलें वाचन मात्र राहतें. संपूर्ण फाइल एकदम स्मरणांत धरण्याची त्याला गरज नसते. थोडीं वाचनें घ्यावींत, मोजावींत, ठेवावींत वा टाकावींत, आणि पुढें जावें. त्यामुळें प्रचंड फाइलहि साध्या संगणकावर चाळून निघते.

काम इतकें सोपें आहे कीं, त्यांत कांहीं निर्णय दडलेला आहे हेंच पुष्कळदां लक्षांत येत नाहीं. लहान वाचनें टाकावयाचीं तरी कां? याचें उत्तर साध्या गणितांत आहे. चार अक्षरांतून बारा अक्षरांचे शब्द बनविले तर ते १,६७,७७,२१६ प्रकारचे होतात. आतां ३०० कोटि अक्षरांच्या पोथींत असा एखादा बारा अक्षरी शब्द निव्वळ योगायोगानें सरासरी १८० ठिकाणीं सांपडेल. तो मूळचा कोठला, हें मग कोण सांगणार? सोळा अक्षरांचे शब्द मात्र ४२९ कोटि प्रकारचे होतात, म्हणजे पोथींतील जागांहून अधिक. तेव्हां सोळा-सतरा अक्षरांपासून पुढें शब्दाला स्वतःची अशी एक जागा असण्याचा संभव सुरू होतो.

मग मर्यादा सोळांवर न ठेवतां तीस किंवा पस्तिसांवर कां नेतात? त्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण असें कीं, ही पोथी यदृच्छेनें लिहिलेली नाहीं, मनुष्याच्या डी. एन. ए. चा सुमारें अर्धा भाग पुनःपुन्हां येणाऱ्या मजकुराचा आहे. दुसरें असें कीं, वाचनांत चुका होतात व माणसामाणसांत फरकहि असतात, म्हणून जागा शोधतांना एखादें-दुसरें अक्षर जुळलें नाहीं तरी चालवून घ्यावें लागतें. आणि जितकी सवलत अधिक, तितकी खोटी जुळणी अधिक. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. नमुन्यांत जेव्हां जीवाणूंचा डी. एन. ए. मिसळलेला असतो, तेव्हां त्याचे लहान तुकडे मनुष्याच्या पोथींत कोठें ना कोठें बसून जातात. लांब तुकडा असा फसवूं शकत नाहीं. आंखूड तुकडा सहज फसवितो.

ताज्या रक्ताच्या नमुन्यांत हा प्रश्न फारसा नडत नाहीं. तेथें लांब तुकडे मुबलक असतात, आणि कांहीं आंखूड गेले तरी नुकसान होत नाहीं. प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहतो तो पुरातन अस्थींच्या बाबतींत. प्राणी मेल्यावर त्याच्या पेशींतील द्रव्येंच डी. एन. ए. तोडूं लागतात, मागून जीवाणु येतात, आणि त्यानंतर पाणी व उष्णता तें काम हजारों वर्षें चालूं ठेवतात. न्यूझीलंडमधील मोआ नांवाच्या नष्ट झालेल्या पक्ष्याचीं १५८ हाडें तपासून शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं असा हिशेब मांडला कीं, सुमारें १३ अंश सेल्सिअस तपमानांत २४२ अक्षरांच्या तुकड्यांपैकीं निम्मे तुकडे ५२१ वर्षांत मोडून जातात. लांब तुकडे आधीं नाहींसे होतात, आंखूड तेवढे मागें उरतात. म्हणजे पुरातन हाडांत खरी साक्ष मुख्यतः आंखूड तुकड्यांच्याच मुखीं असते. आणि जीवाणूंची खोटी साक्षहि त्याच आंखूड तुकड्यांतून येते. मर्यादा वर ठेवावी तर खरी साक्ष गाळली जाते. खालीं ठेवावी तर खोटी आंत शिरते.

याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण उत्तर स्पेनमधील आहे. बुर्गोस शहराजवळ आतापुएर्का नांवाच्या टेंकड्या आहेत. तेथील एका गुहेच्या तळाशीं जी खोल खांच आहे, तिला ‘हाडांची खांच’ या अर्थाचें सीमा दे लॉस ह्यूसॉस असें नांव आहे. या खांचेंत किमान २८ मानवसदृश व्यक्तींच्या अस्थि सांपडल्या असून त्या सुमारें ४,३०,००० वर्षांपूर्वींच्या आहेत. इतक्या जुन्या अस्थींतून मानववंशाचा डी. एन. ए. वाचणें कांहीं वर्षांपूर्वीं अशक्य वाटत होतें. तें काम जर्मनींतील लाइपझिग येथल्या माक्स प्लांक संस्थेंत झालें. याच संस्थेंतील स्वांते पाबो यांनीं २०१० सालीं निअँडर्थल मानवाच्या डी. एन. ए. चा पहिला आराखडा प्रसिद्ध केला होता, आणि या शाखेच्या कार्यासाठीं त्यांना २०२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

२०१३ सालीं मॅथियस मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या खांचेंतील मांडीच्या एका हाडांतून मातेकडून येणारा छोटा डी. एन. ए. वाचला. तो निअँडर्थलपेक्षां सैबेरियांत सांपडलेल्या डेनिसोव्हन मानवाशीं अधिक जवळचा निघाला, आणि त्यामुळें सर्वांना कोडें पडलें. २०१६ सालीं पेशीच्या केंद्रांतील मुख्य डी. एन. ए. चे कांहीं अंश हातीं आले, तेव्हां दोन नमुने निअँडर्थलच्या शाखेवर बसले. पण बाकीच्यांचें काय? त्यांतील वाचनें इतकीं थोडीं व इतकीं आंखूड होतीं कीं, नेहमींच्या चाळणीखालून फार थोडें शिल्लक राहत होतें.

येथें चेझारे दे फिलिप्पो, मेयर व काय प्रूफर या तिघांनीं २०१८ सालीं वेगळा मार्ग धरला. मर्यादा किती ठेवावी, हें वहिवाटीवर न सोडतां, खोट्या जुळण्या किती होतात हें त्यांनीं प्रथम मोजून पाहिलें. खोटी जुळणी ओळखण्याच्या खुणा त्यांना सांपडल्या. तींत न जुळणारीं, जादा वा गळालेलीं अक्षरें अधिक असतात. शिवाय वार्धक्याची जी एक ठराविक खूण खऱ्या पुरातन तुकड्यांवर असते, ती तिच्यांत आढळत नाहीं. ती खूण अशी कीं, काळाच्या ओघांत तुकड्यांच्या टोंकांजवळील सी हें अक्षर बिघडून यंत्रास टी असें दिसूं लागतें. या खुणांवरून त्यांनीं खोट्या जुळण्या वगळल्या, आणि प्रत्येक नमुन्यासाठीं किमान लांबीचा आंकडा स्वतंत्रपणें ठरविला. परिणाम असा झाला कीं, सीमा दे लॉस ह्यूसॉसच्या चार नमुन्यांतील उपयोगीं पडणारा मजकूर १७ पासून १५० टक्क्यांपर्यंत वाढला, आणि आणखी एक, म्हणजे तिसरा नमुना, निअँडर्थलच्या शाखेवर बसवितां आला. चार लाख वर्षें मुका असलेला एक साक्षीदार बोलता झाला, तो चाळणीचा आंकडा विचारपूर्वक ठरविल्यामुळें.

हा आंकडा बरोबर असूनहि फुकट जाण्याचा एक मार्ग आहे, आणि तो कामाच्या क्रमांत आहे. यंत्रांत घालण्यापूर्वीं प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोंकांना प्रयोगशाळेंत बनविलेला एक ठराविक मजकूर जोडतात. त्यास अॅडॅप्टर म्हणतात. समजा, अस्थींतील एक तुकडा २८ अक्षरांचाच आहे आणि यंत्र मात्र १०० अक्षरें वाचावयास बसविलें आहे. यंत्र २८ अक्षरें वाचून थांबत नाहीं. तें पुढें अॅडॅप्टरमध्यें शिरतें व तो मजकूरहि वाचीत सुटतें. फाइलींत त्या वाचनाची लांबी शंभर दिसते. अशा स्थितींत अॅडॅप्टर न कापतां आधींच चाळण लावली, तर सर्वच वाचनें शंभराचीं दिसून एकूणएक पार होतील. म्हणून आधीं कापणें, मग मोजणें, हा क्रम सोडतां येत नाहीं. कटअॅडॅप्टला कापण्याची व मोजण्याची आज्ञा एकाच ओळींत दिली, तर तें स्वतःच हा क्रम पाळतें. त्याचें नांवहि या कापण्यावरूनच पडलेलें आहे. एकाच तुकड्याचीं दोन्ही टोंकें वाचून दोन फाइली केलेल्या असतील, तेव्हां आणखी एक दक्षता लागते. जोडींतील एक वाचन गळलें तर दुसरेंहि काढावें लागतें. नाहींतर पुढील सर्व जोड्या विस्कटतात.

आतां दुसऱ्या प्रकारचीं कामें पाहिलीं म्हणजे ३५ हा आंकडा कोठें चालत नाहीं, हें स्पष्ट होतें. पेशींत मायक्रो-आर. एन. ए. नांवाचे अतिशय लहान नियामक रेणु असतात. त्यांच्या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. हे रेणु सुमारें २२ अक्षरांचे असतात. त्यांच्या अभ्यासांत किमान ३५ अक्षरें मागणारी चाळण लावली, तर ज्याचा शोध चालला आहे तेंच पूर्णपणें बाहेर फेंकलें जाईल.

उलट, कधीं कधीं कमाल मर्यादाहि तितकीच आवश्यक असते. २०२० सालीं कोरोना विषाणूची सांथ पसरली, तेव्हां अनेक देशांतील प्रयोगशाळांनीं आर्टिक नांवाच्या गटाची रीति वापरली. या विषाणूची पोथी सुमारें ३०,००० अक्षरांची. तिच्या सुमारें चारशें अक्षरांच्या, एकमेकींवर थोड्या चढलेल्या, पट्ट्या करून त्या वाचावयाच्या, अशी ही रीति होती. त्यांत ४०० अक्षरांहून लहान व ७०० हून मोठीं वाचनें गाळण्याचा नियम ठेविला होता. लहान वाचन म्हणजे अर्धवट पट्टी. फार मोठें वाचन म्हणजे बहुधा दोन निरनिराळ्या पट्ट्या चुकून एकमेकींस चिकटलेल्या. आणि अशी जोडपट्टी खरी मानली तर विषाणूंत नसलेला बदल त्याच्या माथीं मारला जाईल. लांबी अधिक म्हणून पुरावा अधिक, असें येथें म्हणतां येत नाहीं.

मनुष्याच्या पोथीची पहिली खरोखर संपूर्ण प्रत २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. त्यापूर्वींच्या संदर्भप्रतींत सुमारें ८ टक्के भाग कोरा अथवा सदोष राहिला होता, कारण तेथें एकच मजकूर हजारों वेळां आलेला असून आंखूड वाचनांना त्यांत आपली जागा सांपडत नसे. ही उणीव भरून काढण्यांत एक लाखाहून अधिक अक्षरांच्या वाचनांचा मोठा वाटा होता. सीमा दे लॉस ह्यूसॉसच्या अभ्यासकाला जें ४० अक्षरांचें वाचन मोलाचें वाटेल, तें या कामांत कुचकामी होय.

या सर्वांचा आपल्या देशाशीं जवळचा संबंध आहे, कारण भारताचें हवामान डी. एन. ए. ला फार प्रतिकूल आहे. हरियाणांतील राखीगढी हें सिंधु संस्कृतीचें एक मोठें नगर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालीं तेथें उत्खनन झालें. तेथील ६१ अस्थिनमुने डी. एन. ए. साठीं तपासले गेले. त्यांपैकीं कामापुरता डी. एन. ए. मिळाला तो एकाच स्त्रीच्या अस्थींतून. आणि तोहि शंभरांहून अधिक वेळां नव्यानें तयारी करून, कण कण गोळा केल्यावर. २०१९ सालीं ‘सेल’ या नियतकालिकांत तो निबंध प्रसिद्ध झाला. सिंधु संस्कृतींतील लोक कोण, या प्रश्नाभोंवतीं केवढे वाद चालत आले आहेत, हें सुशिक्षित घरांतून सर्वांस ठाऊक आहे. असे वाद ज्या पुराव्यावर तोलावयाचे, तो पुरावा इतका तुटपुंजा असला म्हणजे चाळणीच्या आंकड्याला किती वजन येतें, हें निराळें सांगावयास नको.

म्हणून या शाखेंतील सावध संशोधक कांहीं नियम कसोशीनें पाळतात. मूळ फाइलीला ते हात लावीत नाहींत. चाळलेलीं वाचनें नेहमीं नव्या फाइलींत ठेवतात. गाळलेलीं वाचनेंहि वेगळ्या फाइलींत राखण्याची सोय कटअॅडॅप्टमध्यें आहे, तिचा ते उपयोग करतात. चाळण्यापूर्वीं किती वाचनें होतीं व नंतर किती उरलीं, हें ते टिपून ठेवतात; दहांपैकीं नऊ वाचनें गळालेलीं दिसलीं तर पुढें न जातां कारण शोधतात. ते मर्यादा थोडी वर व थोडी खालीं नेऊन तेंच गणित पुन्हां करून पाहतात. निष्कर्ष कायम राहिला तर तो भरंवशाचा. आंकडा पांचांनीं सरकतांच निष्कर्ष उलटला, तर तो हाडांतून निघालेला नसून चाळणींतून निघालेला आहे असें समजावें. आणि शेवटीं, निबंध लिहितांना तो आंकडा व वापरलेली आज्ञा ते जशीच्या तशी छापतात.

वर्तमानपत्रांतून पुरातन डी. एन. ए. विषयींच्या बातम्या वारंवार येतात, आणि पूर्वजांविषयींच्या बातम्यांनीं मनें लवकर तापतात. अशा वेळीं मूळ निबंध ज्यांना पाहतां येईल, त्यांनीं त्यांतील रीतीचा भाग उघडून किमान लांबी किती धरली होती व ती कां, एवढें तरी पाहावें. ज्यांना तें शक्य नाहीं, त्यांनीं निदान एवढें ध्यानांत ठेवावें कीं, एका ओळीच्या आज्ञेंतील दोन अंकी आंकड्यानें कोणती साक्ष ऐकावयाची व कोणती नाहीं हें आधींच ठरवून टाकलेलें असतें.

राखीगढीच्या किंवा सीमा दे लॉस ह्यूसॉसच्या अस्थि मागाल तेव्हां मिळणाऱ्या नव्हेत. हाड पोखरून काढलेली चिमूटभर भुकटी एकदां खर्ची पडली कीं ती परत येत नाहीं. परंतु तिच्यांतून मिळालेलीं मूळ वाचनें, अगदीं आंखडांतलीं आंखूड वाचनेंसुद्धां, जपून ठेवलेलीं असतील, तर पुढची पिढी अधिक चांगली कसोटी घेऊन येईल आणि तीं पुन्हां चाळून पाहूं शकेल.